उन्हाळ्याच्या सुट्टीत आई कुठे असते?

एप्रिल उजाडला की मराठीत एक लेख नव्यानं लिहिला जातो. लिहिणारा दर वर्षी वेगळा असतो, लेख तोच असतो. शेवटच्या पेपरचा दिवस, एसटीची खिडकी, मामाचं गाव, विहिरीतल्या उड्या, पत्त्यांचे डाव, गच्चीवरच्या गाद्या, आजीच्या हातचा आमरस. शेवटच्या परिच्छेदात मोबाइल येतो आणि आजची मुलं बिचारी ठरतात.

हा लेख मीही लिहिला आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या वार्षिक अंकात तो छापून आला होता. अंक घेऊन मी अकोल्याला घरी गेलो. आईनं लेख वाचला, ‘छान लिहिलंस’ म्हणाली, आणि अंक मिटता मिटता विचारलं, "यात मी कुठं आहे रे?"

मी लेख पुन्हा चाळला. आजी होती, मामा होता, दोन मामेभाऊ होते, शेजारच्यांचा कुत्रा होता. कूलरला तर एक अख्खा परिच्छेद दिला होता. आई नव्हती. ती आमच्याबरोबर गावी आलेली होती, हे मला माहीत होतं. पण तिथे ती दिवसभर काय करायची, हे आठवेना.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर उन्हाळ्यावरचं काहीही मराठी वाचताना हा प्रश्न मध्ये येऊन बसतो. या लेखात त्या प्रश्नाच्या सोबतीनं काही जुनी पुस्तकं पुन्हा वाचायची आहेत.

गाणं आणि त्याची नक्कल

मामाच्या गावाचं मूळ गाणं गदिमांचं. आगगाडीचं ते गाणं ऐकलेलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण आहे. आमच्यासाठी तर त्यातली गाडी खरीच होती. अकोल्याहून मूर्तिजापूर, आणि तिथून अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’. दर्यापूरच्या बाजूला मामाचं गाव. एसटीनं लवकर पोचता यायचं, पण आम्हा मुलांचा हट्ट गाडीचाच असायचा. धुरांच्या रेषा नव्हत्या, डिझेलचं इंजिन होतं, आणि वेग असा की शेजारच्या रस्त्यानं जाणारा सायकलवाला बराच वेळ सोबत करायचा. आता ती गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली.

मोठेपणी ते गाणं नीट ऐकलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यातल्या मामीला नाव नाही. ती मामाची बायको आहे. ती सुगरण आहे, रोज शिकरण-पोळी करते, म्हणजे मुलांच्या दृष्टीनं तिचं काम ठरलेलं आहे. पण दुसऱ्या एका कडव्यात तीच मामी, ही पोरं कुठली, असं विचारेल असा मुलांचा अंदाज आहे, आणि मग भाच्यांची नावं सांगायचं ठरतं. गदिमांनी मुलांच्या तोंडी घातलेला हा अंदाज मला फार खरा वाटतो. पाहुणे येणार म्हणजे कुणाच्या तरी कपाळाला आठी पडणार, हे मुलांना कळतं. ते गाण्यात आहे, हसत हसत आहे, पण आहे.

या गाण्याच्या पोटातून पुढे जे शेकडो लेख निघाले त्यांनी शिकरण-पोळी ठेवली आणि मामीचा प्रश्न काढून टाकला. तिथल्या माम्या नुसत्याच प्रेमळ असतात. गंमत अशी, की लहान मुलांसाठी लिहिलेलं गाणं मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या लेखांपेक्षा जास्त जाणतं ठरतं.

कर्त्याविना क्रियापदं

माझा तो कॉलेजमधला लेख मी अलीकडे पुन्हा वाचला, यावेळी एखाद्याचा कोड तपासावा तसा. आशयापेक्षा वाक्यरचना बघत गेलो. ‘दुपारी आमरस व्हायचा.’ ‘गच्चीवर कुरडया वाळायच्या.’ ‘माठ भरलेला असायचा.’ ‘संध्याकाळी अंगणात सडा पडायचा.’ ‘रात्री गच्चीवर गाद्या पडायच्या.’ आमच्या वाट्याची वाक्यं मात्र वेगळी होती: आम्ही पोहायचो, आम्ही कैऱ्या पाडायचो, आम्ही भांडायचो. आम्हाला कर्ता आहे. आमरसाला नाही. तो पाऊस पडावा तसा होतो.

मराठीत ही सोय फार सहज आहे. ‘होणे’, ‘वाळणे’, ‘भरणे’, ‘पडणे’ अशी क्रियापदं आणि पुढे ‘-यचा, -यची, -यचे’ हा रीतिभूतकाळ लावला की कुणी केलं हे सांगावं लागत नाही, आणि रोज कुणीतरी करत होतं हेही जाणवत नाही. स्मरणरंजनाचं हे व्याकरणच आहे म्हणा ना. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसलेलं असतं, कारण तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

आता ‘माठ भरलेला असायचा’ या एका वाक्याकडे बघू. मामाचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांमधून हा पट्टा जातो. तिथल्या विहिरीचं पाणी खारट असतं. त्यात ना डाळ शिजत, ना साबणाचा फेस होत. गोड पाणी लांबून आणावं लागायचं. म्हणजे मे महिन्यातल्या त्या माठात, आणि आमच्या पन्ह्याच्या पेल्यात, रोज कुणाची तरी पायपीट होती. कोकणातल्या विहिरीत उड्या मारणारा सुट्टीचा लेख वाचून वाचून मीही माझ्या लेखात विहीर घातली होती. गावच्या विहिरीत आम्ही एकदाच उतरलो होतो, आणि डोळे चुरचुरले म्हणून लगेच वर आलो होतो. तो अनुभव लेखात नव्हता, कारण तो लेखाच्या साच्यात बसत नव्हता. साचा असा लिहिणाऱ्याच्या नकळत काम करतो.

बालपणाच्या आठवणीच वाईट, असं मला म्हणायचं नाही. श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचं ‘डोह’ हे ललित लेखांचं पुस्तक १९६५चं. तेही कृष्णाकाठच्या बालपणाबद्दल आहे. पण त्यातल्या मुलाला भीती वाटते. तो एकटा असतो, बारीक बघतो, जे कळत नाही ते न कळलेलंच ठेवतो. मोठेपणचा लेखक मध्ये येऊन ‘ते दिवस गेले’ असा गळा काढत नाही. त्यामुळे ‘डोह’ वाचताना आपण गेलेल्या दिवसांसाठी हळहळत नाही. आपण पाण्याच्या काठावर उभे असतो. हळहळ हा सुट्टीच्या लेखाचा खरा विषय असतो, आणि उन्हाळा हे निमित्त. ‘डोह’मध्ये असं निमित्त शोधावं लागत नाही.

आजचा उन्हाळा

नोकरी लागल्यावर पुण्यात आलो, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं, आणि त्याच्या पश्चिमेच्या बाल्कनीत पाच कुंड्या आणल्या. त्याच सुमाराला दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ विकत घेतलं. हे १९५६चं पुस्तक चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्यानं जातं. मी ते तसंच वाचायचं ठरवलं: चैत्र लागला की चैत्र, वैशाख लागला की वैशाख.

पहिलं आश्चर्य हे, की यात मामाचं गाव नाही. बाई मुंबईत राहून, मुंबईतली झाडं बघत लिहितायत. पिंपळाला पालवी फुटते ती आत्ता, रस्त्याच्या कडेला. आठवणी येतात, पण त्या समोरचं झाड नीट दिसावं म्हणून येतात आणि काम झालं की जातात. उन्हाळा म्हणजे हरवलेली गोष्ट, हे गृहीतच तिथे नाही. चैत्र-वैशाखात निसर्ग भाजून निघतो म्हणून आपण हळहळतो, तेव्हा बाई दाखवतात की झाडांच्या दृष्टीनं हा केवढा गजबजलेला काळ आहे: जुनी पानं गळतायत, नवी येतायत, फुलतायत, फळतायत, सगळं एकदम.

दुसरं असं, की हे बघणं एका भेटीचं नाही. त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन केलेलं आहे. याची किंमत मला मोगऱ्यानं शिकवली. पहिल्या वर्षी मी त्याला दिवसातून दोनदा पाणी घातलं, पानं तकतकीत झाली, आणि फूल एकही आलं नाही. नर्सरीवाल्या काकांनी सांगितलं, "थंडी सरता सरता छाटा, पानं काढा, पाणी तोडा. जरा तहानू द्या. मग खत घालून पाणी सुरू करा." दुसऱ्या वर्षी भीत भीत तसं केलं. मार्चअखेर कळ्या धरल्या आणि मे संपेपर्यंत रोज संध्याकाळी ओंजळभर फुलं निघाली. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात आणि मातीच्या कुंडीत गार राहतात, हेही तेव्हाच कळलं. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना उष्णता जाते. माठाचं तेच, आणि अकोल्यातल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरचंही तेच. म्हणूनच कूलर वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत नुसता घाम वाढवतो. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्सच्या वाऱ्याला उभा न राहिलेला मी, एका मोगऱ्यामुळे बाष्पीभवनावर बोलू लागलो.

हे सगळं ‘ऋतुचक्र’नं दिलं असं म्हणणं बरोबर होणार नाही, पण बघायची परवानगी त्यानं दिली. सुख मिळायला मामाच्या गावाला परत जावं लागत नाही. ऑफिसहून आल्यावर कुंड्यांना पाणी घालणं, रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर जाऊन निष्पर्ण झाडांमधून शहर बघणं, उतरताना रसवंतीवर थांबून चरकाच्या घुंगरांच्या तालावर ग्लास भरताना बघणं, कुठल्याशा सोसायटीच्या कुंपणावरून बाहेर झुकलेला बहावा दिसला की दोन मिनिटं स्कूटर बाजूला घेणं. हे आजचे उन्हाळे आहेत.

तरीही आईचा प्रश्न ‘ऋतुचक्र’लाही विचारता येतो. या पुस्तकात झाड आहे, आकाश आहे, घर फारसं नाही. आणि तक्रार करायलाही जागा नाही, कारण दुर्गाबाईंना स्वयंपाकघर ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी खाद्यपदार्थांवर ‘खमंग’ हे वेगळं पुस्तक लिहिलं आहे, आणि तेही तितक्याच चवीनं. म्हणजे ऋतू एका पुस्तकात, रांधणं दुसऱ्या. ही वाटणी एकट्या दुर्गाबाईंची नाही, आपल्या सगळ्या साहित्याच्या कपाटाची आहे. निसर्ग ललित लेखनात जातो आणि कैरी पाककृतीत. पण वैशाखातलं ऊन झाडावर पडतं तेच गच्चीवरच्या कुरडयांवरही पडतं.

पाककृती वाचावी कशी

म्हणून मी तिसरं पुस्तक उघडलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’, १९७०चं. आमच्या घरची प्रत आईला लग्नात मिळालेली, पानांवर हळदीचे डाग. साहित्यविचारात हे पुस्तक कुणी घेत नाही. पण वाटी-चमच्याच्या मापानं लिहिणाऱ्या ओगलेबाईंनी एक गोष्ट केली जी सुट्टीच्या लेखांना जमली नाही. त्यांनी काम लिहिलं.

पाककृतीच्या भाषेतही कर्ता नसतो. ‘भिजत घालावे’, ‘गाळून घ्यावे’, ‘वाळवावे’. पण तिथे एकही पायरी गळत नाही, कारण पायरी गळली तर पदार्थ बिघडतो. ‘कुरडया वाळायच्या’ या माझ्या दोन शब्दांच्या वाक्यात किती पायऱ्या गिळल्या गेल्या होत्या ते पाहा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर ठेवायचा. वरचं पाणी ओतून द्यायचं. पहाटे आधण ठेवायचं, मीठ घालायचं, चीक ओतून हटायचा. गुठळी होऊ द्यायची नाही आणि हातही थांबू द्यायचा नाही. शिजला की गरम असतानाच साच्यात भरून गच्चीवर पसरलेल्या कापडावर घालायच्या. ऊन चढायच्या आत संपवायचं. दुपारी उलटायच्या. संध्याकाळी गोळा करायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायच्या. अकोल्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना.

हे लक्षात आल्यावर मी दुसरा लेख लिहिला. गेल्या वर्षीची गोष्ट. पहिल्या लेखाच्या बरोबर उलटा: आपल्या बालपणीचं सुख हे बायकांच्या कष्टावर उभं होतं, आमरसाच्या वाटीत घाम होता, वगैरे. लेख मला फार धीट वाटला होता. कुठे पाठवण्याआधी आईला फोनवर वाचून दाखवला.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "काऊन रे, आम्हाला मजा नव्हती येत असं कोण म्हणालं तुला?"

दोन्ही लेखांत नसलेलं

त्या दिवशी तिनं जे सांगितलं ते असं. कुरडया एकटीनं कुणी घालत नसे. गल्लीतल्या पाच-सहा जणी मिळून घालायच्या; आज हिच्या गच्चीवर, परवा तिच्या. पहाटे चारला सगळ्या वर जमायच्या. तेव्हा गल्ली झोपलेली असायची, सासू-सासरे झोपलेले, नवरे झोपलेले. "वर्षभरातले तेवढेच चार-सहा दिवस आम्ही घराबाहेर बसून हव्या त्या गोष्टी बोलायचो. कोणाची सासू, कोणाचा दीर, कोणाची पगारवाढ. हसून हसून पुरेवाट व्हायची."

आम्हा मुलांना तेव्हा गरम चीक वाटीत मिळायचा, दूध-साखर घालून. माझ्या पहिल्या लेखात तो चीक ‘मायेची वाटी’ होता. दुसऱ्यात ‘श्रमाचं फळ’. आईनं तिसरंच सांगितलं. "तुम्ही उठून वर आले की आमचं बोलणं बंद व्हायचं. म्हणून वाटी हातात देऊन खाली पिटाळायचो."

आणि मामाच्या गावी ती कुठं होती? तिथे ती माहेरवाशीण होती. दुपारी दोन-दोन तास झोपायची. संध्याकाळी मावशीबरोबर स्टेशनापर्यंत फिरायला जायची आणि दोघी बर्फाचा गोळा खाऊन यायच्या, आम्हाला न सांगता. म्हणजे मी तिला लेखातून गाळली तेव्हा नुसतं तिचं काम गाळलं नव्हतं, तिची सुट्टीही गाळली होती. दुसऱ्या लेखात काम परत आणलं, पण सुट्टी मी पुन्हा विसरलो.

मला वाटतं, आपल्या उन्हाळ्याच्या लेखनाची अडचण इथे आहे. स्मरणरंजनाचा लेख म्हणतो, सुख आपोआप व्हायचं. त्यावर टीका करणारा लेख म्हणतो, सुख आमचं होतं आणि कष्ट त्यांचे. दोन्हीकडे सुखाचा अनुभव घेणारा एकच आहे, तो लिहिणारा मुलगा. बायकांच्या वाट्याला एकदा माया येते, एकदा घाम. त्यांना हसू येत होतं, त्यांची गुपितं होती, त्या मुलांना कंटाळत होत्या, हे कुठंच येत नाही. कष्ट होतेच, आई ते नाकारत नाही. पाठदुखी तिला तेव्हापासूनची आहे. पण पाठ दुखत असतानाही ती पहाट तिची स्वतःची होती, आणि ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत.

ते जमायचं तर तीन पुस्तकांकडून तीन गोष्टी घ्याव्या लागतील असं दिसतं. ‘डोह’कडून, मुलाला जेवढं कळलं तेवढंच लिहिण्याचा प्रामाणिकपणा. ‘ऋतुचक्र’कडून, हळहळ बाजूला ठेवून समोरचं बघण्याची सवय. ‘रुचिरा’कडून, एकही पायरी न गाळण्याची शिस्त. आणि चौथी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही, ती विचारून घ्यावी लागते. मी ती सात वर्षं उशिरा विचारली.

यंदा चैत्रात आई पुण्याला आली होती. कुरडया आता ती घालत नाही, बचतगटाच्या बायकांकडून विकत घेते. संध्याकाळी बाल्कनीत बसून मोगऱ्याची फुलं वेचत ती सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होतो. बोलता बोलता मामीचा विषय निघाला. मामी तिच्या माहेरी कधी जायची, असं मी विचारलं. "तुम्ही लोक परत गेले की," आई म्हणाली. "जूनमध्ये. विदर्भात शाळा उशिरा उघडतात म्हणून बरं, नाहीतर तिला सुट्टीच नसती मिळाली."

मग म्हणाली, "लिहितोच आहेस तर नावासकट लिही. नुसतं मामी काय?"

मामीला विचारल्याशिवाय तिचं नाव इथे छापणार नाही. पण वहीत लिहिताना मला क्षणभर थांबावं लागलं, कारण ते चटकन आठवेना. सासरचं आठवलं. माहेरचं आईला विचारून घेतलं.